जिन्याखालची फ्रेंच बाटली

सोमवार, ९ मार्च
ठरलं. शनिवारी नवऱ्याला चाळीस पुरी होतायत, आणि शनिवारीच जिन्याखालची बाटली उघडायची. उघडणार मी. दुसरं आहे कोण? तेरा वर्षं हॉटेलात वाइन वाढतेय.

बाबा – म्हणजे सासरे – आढेवेढे घेत होते. "पन्नाशीला उघडू की. घाई काय आहे?" मी म्हटलं, बाबा, तुम्ही आणलीत तेव्हाच ती दहा वर्षांची होती. आता पन्नाशी तिची झाली. वाइनलाही म्हातारपण असतं. मग कसेबसे तयार झाले.

बोटीवर इंजिनियर होते तेव्हा फ्रान्सच्या बंदरातून आणलेली. तिथल्या एका मातब्बर, पिढीजात मळ्याची लाल वाइन. नवऱ्याचा जन्म महिन्यावर आला होता. "मूल चाळिशीचं झालं की उघडायची" असं गावभर सांगून बसले. तेव्हापासून कुणाला हात लावू दिला नाही, जिन्याखाली बल्बसुद्धा लावू दिला नाही. जीव अडकलाय त्यांचा त्या बाटलीत. कुणीतरी सोडवायलाच हवा.

बुधवार, ११ मार्च
बाटली उभी केली. इतकी वर्षं आडवी असलेली वाइन आधी दोन-तीन दिवस उभी ठेवावी लागते, गाळ तळाला बसतो. भावजी म्हणाले, "वहिनी, दमली असेल, पाय चेपून दे." दिराला या घरात फार सूट आहे.

पण एक खटकलं. वाइन पार गळ्यापर्यंत भरलेली. पन्नास वर्षांत बुचातून थोडी थोडी उडून जाते, पातळी खांद्यापर्यंत उतरते. ही तर काल भरल्यासारखी. चांगली जपली म्हणावं, तर इतकं चांगलं कोणी जपत नाही.

गुरुवार, १२ मार्च
गाळ नाही. चिमूटभरसुद्धा नाही! लेबलची एक कड सुटलीये आणि तिच्यामागे घरच्या कणकेची खळ आहे. बुचावरचं टोपणही कोरं करकरीत. ही ती बाटली नव्हे.

शुक्रवार, १३ मार्च
माझा संशय भावजींवर होता. मनातल्या मनात त्यांना फासावरही चढवून झालं होतं.

सकाळी सासूबाई स्वयंपाकघरात आल्या, दार लावून घेतलं. "तुला कळलंय ना?"

अकरा वर्षांपूर्वी बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. ते दवाखान्यात, तेवढ्यात जिन्याखालची जागा झाडून घ्यावी म्हणून आईंनी बाटली उचलली आणि ती निसटली. "फरशीभर लाल." लेबल भिजवून सोडवलं, वर्तमानपत्रात वाळवलं, दुकानातून एक लाल वाइन आणली आणि तिच्यावर चिकटवलं. "मला काय कळतंय त्यातलं. लाल ती लाल." सांगताना हसल्या, मग रडायलाच लागल्या. "आयुष्यात एवढ्या एकाच गोष्टीची मिरवणूक काढली गं त्यांनी. ती मी फोडली."

खराब वाइन मी चांगली म्हणून कधीच वाढलेली नाही. हॉटेलमालकाच्या मेहुण्यालाही तोंडावर सांगितलंय. पण आईंचे हात गार पडले होते. म्हटलं, आई, तुम्ही निवांत राहा. उद्याचं माझ्याकडे लागलं.

अडचण एकच – बूच. उघडल्यावर बूच यजमानापुढे ठेवायचं असतं, आणि दुकानातल्या बाटलीच्या बुचावर काय छापलेलं असेल देव जाणे. पण माझ्या डब्यात हॉटेलातली जुनी बुचं आहेत. त्यात त्याच मळ्याचं एक सापडलं! साल चार वर्षं पुढचं, पण आकडे पुसटच आहेत.

शनिवार, १४ मार्च
निभावलं. आणि झोकात निभावलं.

"गाळ ढवळेल, आत कुणी यायचं नाही," असं बजावून स्वयंपाकघरात एकटीने उघडली. काचेच्या सुरईत ओतली. माझं बूच बशीत ठेवून बाहेर आणलं.

बाबांनी आधी बूचच उचललं. चष्मा कपाळावर, बूच नाकाशी. किती वेळ फिरवत होते! मग एक घोट. मग माझ्याकडे पाहिलं, आणखी एक घोट. डोळे भरून आले. "काय बोलू," एवढंच म्हणाले. भावजी मान डोलावत होते, "जुनं ते जुनंच." वाइन अगदी साधी होती, किंचित तुरट. नवऱ्याने दोनदा मागून घेतली.

आईंनी टेबलाखालून माझा हात घट्ट धरला होता. माझ्या धंद्यातलं पहिलं खोटं. अजिबात वाईट वाटत नाहीये.

रविवार, १५ मार्च
बाबांनी बाल्कनीत बोलावलं. हळूच म्हणाले, "लाज राखलीस, पोरी. हा जन्मला त्याच दिवशी आम्ही दोस्तांनी ती बाटली संपवली होती. मग साधीच लाल भरून, साधंच बूच ठोकून ठेवली. काल व्हिनेगर निघणार म्हणून आठवडाभर डोळ्याला डोळा नव्हता. तू बदललीस ना? बूचसुद्धा अस्सल! फक्त हिला कळू देऊ नकोस."

मी बदलली नाही, असं म्हणता आलं नाही. विचारलं, "खरी कशी होती?"

"कुणाला आठवतंय. मुलगा झाला होता."