गुडघ्याचं माप

॥ श्री ॥
शिरूर, ता. ४ ऑक्टोबर १९६४

तीर्थरूप तात्याबामामांस, संपतचा शि. सा. न. वि. वि.

आम्ही खुशाल आहोत. पत्राचं अक्षर सिंधूचं आहे. टोमॅटोच्या तोडणीमुळे मला फुरसत नाही, म्हणून मी सांगतो आणि ती लिहिते.

रेल्वेचे मॉरिस ड्रायव्हरसाहेब ऑस्ट्रेलियाला जाताना मला देऊन गेले, ती आडवी ठेवून वाजवायची चार पायांची गिटार हौसरावांच्या ट्रकमधून तुमच्याकडे पाठवतो आहे. तिची खालची जुळणी बदलून हवी. पायडल दाबलं की तार चढते, ती तिन्ही पायडलं जवळ जवळ घ्या. आणि तार उतरवायला डाव्या गुडघ्याने जी दांडी बाहेर ढकलावी लागते, ती आत ढकलता येईल अशी फिरवा. सोबत दोरा आहे. जमिनीपासून गुडघ्यापर्यंतचं ते माप.

सतरा नोव्हेंबरला पुण्याला रेडिओची चाचणी आहे. ही संधी हुकली तर पुन्हा कधी बोलावतील कोण जाणे. मामींना नमस्कार. लोभ आहेच, तो असाच राहू द्यावा.

आपला भाचा,
संपत


दौंड, ता. १२ ऑक्टोबर १९६४

चि. संपत यास तात्याबाचे अ. उ. आ.

रेडिओचं वाचून छाती फुगली. इंजिनांच्या शेडमध्ये मी सगळ्या फिटरांना चहा पाजला. पण बाबा, तुझ्या दोऱ्याने माझं डोकं चक्रावलं आहे. तू माझ्या घरी राहून शाळा शिकलास, तुझा पाय मला ठाऊक नाही का? दोरा अडीच इंच कमी भरतो. लग्नानंतर माणसाचं वजन कमी-जास्त होतं, पाय आखूड झालेला मी ऐकला नाही. तुझी मामी मालन म्हणते, पोरगं वाळलं आसंल, त्याला धड खायाला मिळत न्हाई. वाळून उंची कशी कमी होईल, हे तिलाही सांगता येईना.

शेवटी मी डोकं चालवलं. तुझी जुनी खाकी पँट ट्रंकेत होती. मालनने ती इस्त्री केली, मी स्टुलावर मांडली आणि तिच्या गुडघ्यावर दांडी बसवली. दांडीची दिशा मात्र बदलली नाही. साहेब जन्मभर गुडघा बाहेर ढकलून वाजवत होते, तू उगाच नवी खोड लावून घेऊ नकोस. वाद्य हौसरावांकडे दिलं आहे.

रेल्वे इन्स्टिट्यूटमध्ये नाताळात तू वाजवलंस, तो दिवस मी विसरलेलो नाही. सूनबाईंना आशीर्वाद.

तुझा मामा,
तात्याबा


शिरूर, ता. २१ ऑक्टोबर १९६४

तीर्थरूप मामांस शि. सा. न. वि. वि.

वाद्य पोचलं. पण मामा, तुम्ही पँटचं माप घेतलंत आणि घोटाळा झाला. दांडीपर्यंत गुडघाच पोचत नाही. कृपा करून दोऱ्याप्रमाणेच करा आणि दांडी आत फिरवा. अडीच इंचांचं कारण असं की मी खुर्चीचे पाय कापून ती बुटकी केली आहे. वाद्य परत पाठवतो आहे. फार विचारू नका, दिवस थोडे उरले आहेत.

आपला,
संपत


दौंड, ता. २७ ऑक्टोबर १९६४

चि. संपत यास अ. उ. आ.

चोवीस वर्षं मी इंजिनाच्या दांड्या बसवतो आहे. खुर्चीचे पाय कापल्याने माणसाचा पाय कापला जात नाही, एवढं मला कळतं. मी मात्र पुरता गोंधळलो आहे. तू आजारी आहेस का? दोन्ही पत्रं सूनबाईंच्या हातची, टोमॅटो काय वर्षभर तोडतोस? मालन रोज विचारते, त्याला झालंय तरी काय, आन् तुमी हितं पान्हे घेऊन काय बसलाय. मी तिला काय सांगू?

खरं कारण कळेपर्यंत वाद्य माझ्याकडेच राहील. रागाने लिहीत नाही, काळजीने लिहितो आहे.

तुझाच,
तात्याबामामा


शिरूर, ता. १ नोव्हेंबर १९६४

तीर्थरूप मामंजींच्या चरणी सिंधूचा शि. सा. न. वि. वि.

हे पत्र त्यांना न विचारता लिहिते आहे, क्षमा असावी. चैत्रात कडबा कापायच्या यंत्रात त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. जखम भरली आहे. तुम्हाला कळवायचं म्हणून किती वेळा कागद काढला आणि ठेवून दिला. मामांनी माझ्यावर एवढी आशा ठेवली, त्यांना कोणत्या तोंडाने सांगू, एवढंच म्हणतात.

दोरा माझ्या पायाचा आहे. लग्न झाल्यापासून ते मला शिकवत होते. चैत्रानंतर शेजारी बसून सगळं शिकवलं. चाचणी माझ्या नावाने आहे. पाचवारीच्या निऱ्या घेऊन बसलं की गुडघा बाहेर ढकलता येत नाही, आणि चारचौघांत तसं बसायची लाजही वाटते. आत ढकलायला काही अडचण नाही. हे तुम्हाला उघड कसं लिहायचं, म्हणून खुर्चीचं खोटं लिहिलं. पायडलाला पाय लावण्याआधी मी रोज त्याला हात लावून नमस्कार करते.

वाद्य साहेबांनी त्यांना दिलेलं आहे. तुमच्या मनात नसेल तर मी जाणार नाही. पण मला जायचं आहे, हेही खरं आहे.

आपली आज्ञाधारक,
सिंधू


दौंड, ता. ६ नोव्हेंबर १९६४

चि. संपत,

अनेक आशीर्वाद. दिवाळी आमच्याकडे झाली नाही. मालन रडते आहे, मीही रडलो. सात महिने तू मला परकं समजलास, याचा मला फार राग आला आहे.

पण मी विचार केला. दोन बोटं गेली, तरी अंगठा आहे, बाकीची बोटं आहेत. जे काम बोटांचं, त्यातलं काही गुडघ्यांकडे देता येईल. उजव्या गुडघ्यालाही दांडी लावतो. तू पुन्हा वाजवशील. त्यासाठी पँटचंच माप राहू दे. सूनबाई लहान आहेत, त्यांना पुढे संधी मिळेल. मला यापलीकडे काही सुचत नाही. बरोबर करतो आहे की चूक, तेही कळत नाही.

तुझा,
मामा


शिरूर, ता. ९ नोव्हेंबर १९६४

तीर्थरूप मामांस शि. सा. न. वि. वि.

हेही सिंधूच लिहिते आहे. लिहिताना दोनदा थांबली, मी पुढे लिही म्हणालो.

मामा, मी चुकलो. तुमच्यापासून लपवायला नको होतं. पण उरलेल्या बोटांनी वाजवून बघितलं नाही, असं समजू नका. जखम भरल्यापासून रोज दुपारी, सिंधू मळ्यात असताना, मी बसत होतो. वाजतं. ओळखू येईल इतकं वाजतं. एके दिवशी ती आली आणि मी उठून तिला बसवलं. मी वाजवत होतो तीच चीज तिने वाजवली. साहेबांकडे मी जे शिकलो आणि मला कधी जमलं नाही, ते तिच्या हातून आलं. मला वाईट वाटलं नाही. मला इतका आनंद झाला की मी मळ्यात जाऊन एकटाच हसत होतो.

माझ्यासाठी दांड्या लावू नका. मला वाजवायचं नाही, मला तिचं ऐकायचं आहे. वाद्य माझं असेल तर ते मी तिला दिलं. आठ दिवस राहिले आहेत.

आपला,
संपत


दौंड, ता. १३ नोव्हेंबर १९६४

चि. सौ. सिंधू हीस तात्याबाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

दांडी आत फिरवली आहे. पायडलं जवळ घेतली. माप दोऱ्याचं. शेजारच्या मास्तरीणबाईंची पाचवारी मागून आणली, ती मालनला नेसवून स्टुलावर बसवली आणि निऱ्या कुठे अडतात ते बघितलं. ती म्हणाली, ह्या वयात माझी काय ही थट्टा लावलीया. पण तासभर हलली नाही.

वाद्य आता ट्रकने पाठवत नाही. मंगळवारी सकाळच्या गाडीने मी स्वतः घेऊन पुण्याला येतो. स्टेशनवर थांबा. तू आत जाऊन मन लावून वाजव, आमच्याकडे बघू नकोस. तुझं होईपर्यंत मी बाहेर बाकावर संपतचा तो हात हातात घेऊन बसणार आहे. तो लाजेल, खिशात घालेल. त्याला सांगून ठेव, मामा ऐकायचे नाहीत.

तुम्हा दोघांचा,
तात्याबा