सगळ्या खोल्यांत आबा

मंगळवार, संध्याकाळ, लालबाग

अजून राग जात नाही. चाळीच्या पुनर्विकासासाठी रहिवाशांची यादी हवी होती. मी प्रोग्रामिंग शिकतोय, म्हणून मीच ती करायला घेतली. 'खोली' नावाचा क्लास, म्हणजे सगळ्या खोल्या ज्यातून बनतात तो साचा, लिहिला आणि आज कमिटीसमोर चालवला. प्रत्येक खोलीत अख्ख्या चाळीची नावं आली. आमची खोली पहिली, म्हणून सगळीकडे वर आबांचं नाव. त्यांना जाऊन महिना झाला.

सेक्रेटरी तावडे हसले. "वा रे, तुझ्या बापाने मरून सगळी चाळ घेतली की." सगळेच हसले. मी मान खाली घालून चूक शोधत बसलो. का बसलो?

चूक चौदा नंबरच्या स्नेहाने दाखवली. "काका, नावांची यादी तुम्ही क्लासच्या अंगात ठेवलीत, म्हणून सगळ्या खोल्यांना मिळून एकच झाली. ती इनिटमध्ये, म्हणजे एकेक खोली बनताना चालतो त्या भागात, तयार करा, मग प्रत्येक खोलीला स्वतःची मिळेल." मला कसं सुचणार? नळ एक, गॅलरी एक, संडास एक. जन्मभर तेच पाहिलं.

ओळ हलवली. सगळ्या खोल्या बरोबर आल्या. आमच्या खोलीत आबा, मी, बायको सुमन.

तावडे म्हणाले, "आता तेवढं मयताचं नाव काढ. यादी उद्या द्यायचीय." तेच मघाशी हसलेलं तोंड. त्यांचं बरोबर आहे, म्हणून जास्तच राग आला.

काढलं. साधी फाईल पुसताना कंप्युटर विचारतो, नक्की पुसू का. आज त्याने काहीच विचारलं नाही.