ऑक्टोबरचा फॉर्म

बाबा, तुमची नात काल जेवता जेवता ताट सरकवून म्हणाली, "आई, तूच नाही म्हण ना." नोकरी सांभाळून तिने वर्षभर एमबीएच्या प्रवेश परीक्षेचा अभ्यास केला, पण हवं होतं ते कॉलेज मिळालं नाही. दुसऱ्या एका साध्या कॉलेजात नाव लागलंय, शनिवारपर्यंत कळवायचं आहे. नाहीतर ते सोडायचं आणि थंडीत पुन्हा परीक्षेला बसायचं. आठ दिवसांपासून आमच्या हुडकेश्वरच्या घरात कूलरचा आवाज आणि हा विषय, तिसरं काही नाही. "तू नाही म्हणालीस की संपलं," ती म्हणाली. "लोकांना सांगता येईल, आई पुन्हा बसू देत नाही. तुला नाही का, आजोबांनी बसू दिलं नव्हतं." मी पोळ्या लाटत होते. लाटतच राहिले.

दहावीला मी गणितात नापास झाले तो आठवडा तुम्हाला आठवत असेल. अर्धा काठ विणून झाला की तुम्ही जेवायलाही मागावरून उठत नसा. त्या दिवशी धोटा मध्येच ठेवून मागाखालच्या खड्ड्यातून वर येता. आंघोळ करता, लग्नकार्याचा पांढरा सदरा घालता आणि भर दुपारी सायकलवर माझ्या शाळेत जाता. परत येता तेव्हा परीक्षेचा फॉर्म सदऱ्याच्या आत असतो, घाम लागू नये म्हणून वर्तमानपत्रात गुंडाळलेला. "बाई म्हणे, एकच विषय हाय. ऑक्टोबरात निघून जाते. एका विषयाले काय भ्यायचं?" मी म्हणते, "मले नाही बसायचं." "काहून वं?" "नाही म्हणजे नाही." आई चुलीजवळून ओरडते, "हिच्या मैत्रिणी कॉलेजात जाऊन राहिल्या, अन् हे पाहा!" तुम्ही तिला हातानेच थांबवता. फॉर्म देवाच्या फोटोमागे खोचता. "मन झालं तं सांगजो," एवढंच म्हणून पुन्हा खड्ड्यात पाय सोडता. मुदत संपेपर्यंत रोज जेवताना तुम्ही एकदा त्या फोटोकडे पाहायचात. मी पाहत नव्हते. पहिल्यांदा नापास झाले तेव्हा अभ्यास कमी पडला म्हणता आलं होतं. दुसऱ्यांदा काय म्हणणार होते?

मग लग्न झालं. सासरी सगळे शिकलेले, ऑफिसात जाणारे. नणंदेने पहिल्याच आठवड्यात विचारलं, "वहिनी, दहावीनंतर काय केलं?" माझ्या तोंडून निघून गेलं, "बाबांनी पुन्हा बसूच दिलं नाही." किती सहज निघालं! सगळे हळहळले. ह्यांना तर इतकं वाईट वाटलं की दर शनिवारी माझ्यासाठी वाचनालयातून पुस्तक यायला लागलं. मी जे काही वाचलं ते त्या एका खोट्यावर वाचलं, बाबा. हे जाऊन सात वर्षं झाली. त्यांनाही मी कधी खरं सांगितलं नाही. आणि ती दिवाळी. ह्यांनी चिवडा खाता खाता तुम्हाला म्हटलं, "मामाजी, राग येऊ देऊ नका, पण हिला शिकू द्यायला पाहिजे होतं तुम्ही." मी दारात उभी होते. तुम्ही माझ्याकडे पाहिलं. मग म्हणालात, "हो जवाईबापू, चुकलंच माह्यं. कांदा घ्या ना चिवड्यावर."

काल गॅस बंद केला आणि तिच्यासमोर बसले. म्हटलं, "आजोबांनी फॉर्म आणला होता. भ्याले होते मी." तिने विचारलं, "माझ्या बाबांना माहीत होतं?" "नाही." "आणि आजोबा कधी बोलले नाहीत?" "नाही." "कमाल आहे तुझी! अख्ख्या खानदानात बिचाऱ्यांना व्हिलन करून ठेवलं." हसली, आणि हसता हसता डोळे पुसायला लागली. "मी पण भिऊनच राहिली आहे ना आई." मी म्हटलं, "बसायचं तर बस, नाही तर नको बसू. पण माझ्या नावावर नाही." तिने गार झालेलं ताट पुढे ओढलं आणि जेवण संपवलं.

आज सकाळी हिंगण्याच्या कंपनीची बस यायच्या आधी चपला घालत म्हणाली, "त्या कॉलेजला हो कळवलं. पुन्हा नाही बसणार. थोडी भीती आहे, थोडा कंटाळा आहे, आणि ते कॉलेज काही वाईट नाही. कोणी विचारलं तर हेच सांगेन." बस येईपर्यंत मी फाटकाशी उभी होते.

हा कागद वाचनालयाच्या पुस्तकात ठेवता येणार नाही, ते परत द्यावं लागतं. तुम्ही विणून मागे ठेवून गेलात त्या लुगड्यांच्या घडीत ठेवीन. एक गोष्ट मात्र काल तिलाही सांगितली नाही. चुकलंच माह्यं, असं तुम्ही म्हणालात तेव्हा मला लाज नंतर वाटली. आधी हायसं वाटलं. आत जाऊन मी तुमच्या चहात एक चमचा साखर जास्त घातली, आणि तेवढ्याने फिटलं असं समजले.