एफ्रेमचं चिमुकलं रिव्हॉल्व्हर

व्हर्जिनिया सिटी, नेवाडा

शेरीफ होऊ घातलेल्या एफ्रेम टटल यास,

तुझा निरोप मिळाला. निवडणुकीच्या सभेत मिरवायला तुला तुझं चिमुकलं रिव्हॉल्व्हर परत हवंय. त्यानेच तू घोडागाडी लुटणाऱ्यांना पळवून लावलंस, असं गावभर सांगतोस म्हणे. त्याच गाडीत तुझ्याशी लग्न ठरलेली मीही होते, हे सोयीने विसरलास.

चढावर तोंडाला रुमाल बांधलेले दोघे आडवे आले, तेव्हा तू आधी माझ्यामागे दडलास. मग ते खेळणं दोन्ही हातांनी त्यांच्यापुढे धरलंस. "घ्या साहेब, भरलेलंसुद्धा नाही! पेटी हिची आहे, ती बघा!"

लुटारूने ते उलटसुलट करून पाहिलं. आत ना दारू, ना गोळी, मागे बार पेटवणाऱ्या टोप्याही नाहीत. तो खो खो हसला आणि ते माझ्या मांडीवर टाकून म्हणाला, "बाई, हे तुम्हीच ठेवा. असल्या माणसाबरोबर निघालात, तुम्हाला लागेल."

तेव्हापासून मी ते भरून झग्याच्या खिशात बाळगते. जुनी दारू सर्दावली की काढून नवी ठासते. माझ्या खाणावळीत एकाने अंगचटीला यायचं धाडस केलं, तेव्हा छतात एक गोळी झाडली. तेवढ्यावर भागलं.

पत्र लिहून राग निवेल वाटलं होतं. निवला नाही. म्हणून हे टपालात टाकत नाही. शनिवारी तुझ्या सभेला मीच येते. तू खुशाल पराक्रम सांगायला उभा राहा. मी पहिल्या बाकावर असेन.

तुझी कोणीही नसलेली,
लव्हिनिया प्रॉक्टर