उघड्या हातांचा रंग

१२ जाने.
सकाळी लघवी पुन्हा लाल. ही चौथी वेळ. बीट खाल्लं नव्हतं, आठवून आठवून पाहिलं. सूनबाईला कळू नये म्हणून दोन बादल्या पाणी ओतलं. नळ एक दिवसाआड, ती ओरडलीच, "बाबा, इतकं पानी कशाला?"

१५ जाने.
शेवटी सूनबाईला सांगितलं. तशीच माधवनगरला दवाखान्यात घेऊन गेली. ती बाहेर पर्ची काढत होती, मी आत.
"तंबाखू?" नाही.
"काम काय करत होता?" भैरवगढला कपडा रंगवायचो. एकेचाळीस वर्षं, उघड्या हातांनी.
डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, काही रंगांतली रसायनं कातडीतून आत जातात, मूत्राशयाचा कॅन्सर काम सोडल्यावर कित्येक वर्षांनीही निघू शकतो. असेलच असं नाही. दुर्बीण घालून बघू. घरात अजून कोणी हे काम करतं?
मी नाही म्हणालो. भीतीने तोंडातून निघून गेलं.

१६ जाने.
जेवण जात नाही. विनू, माझा मुलगा, एकवीस वर्षं त्याच रंगाच्या हौदात हात घालतोय. पहिल्या दिवशी त्याने हातमोजे मागितले होते. मी सगळ्या कारीगरांसमोर म्हणालो, "मेहंदी लागलीय काय हाताला?" पुन्हा कधी मागितले नाहीत.

१९ जाने.
नानाखेड्याहून रबरी हातमोजे आणले, कोपरापर्यंतचे. कारखान्यात नेऊन विनूला दिले. हसला. "बाबा, तुम्हीच म्हणायचे ना, दस्ताने में हाथ अंधा हो जाता है?" बाकीचेही हसले. उघड्या हातानेच कापड उलटं केलं. नखं निळी. त्याच हातांनी पोळी खाल्ली.
तू पण जांच करून घे म्हटलं, तर "मला काय झालंय?"

२२ जाने.
दुर्बीण झाली. आत गाठ आहे. तुकडा तपासायला पाठवला. विनू सोबत होता. त्याच्या देखतच डॉक्टरांना सांगितलं, हा पण रंगवतो, मी खोटं बोललो होतो.  रिक्षातून उतरताना म्हणाला, "मला शिकवलं तेव्हा माहीत होतं?"
देवाशप्पथ नव्हतं. पण तेव्हा हात खाजायचे, सोलवटायचे, ते तर माहीत होतं...

२९ जाने.
रिपोर्ट घ्यायला आलोय. वही पिशवीत होती. विनूने खिडकीवरून स्वतःच लघवी तपासणीची डबी मागून घेतली नि संडासात गेला. बराच वेळ झाला.
माझं नाव पुकारताहेत. दोनदा पुकारलं. उठवत नाही.
तो आधी बाहेर येऊ दे.