अधिक महिना संपल्यावरचे अनारसे

बुधवार, १० जून. संध्याकाळ.

 

आमच्या दुकानांच्या ऑफिसातल्या नव्या एआयने पुढच्या महिन्यासाठी अनारशांची तिप्पट ऑर्डर काढली. का, तर खप चढतोय. चढणारच. अधिक महिना आहे, घरोघरी जावयांना अनारशांचं वाण देतात. सोमवारी महिना संपला की कोण विचारतंय? पण त्याला शिकवलेली विक्री दोनच वर्षांची, त्यात अधिक आलेलाच नाही.

ऑर्डर परस्पर आम्हाला अनारसे करून देणाऱ्या धायरीच्या शिंदेमावशींना गेली. मी फोन केला तर म्हणाल्या, "तांदूळ कालच भिजत घातलाय ताई. आता काय करायचं?" भिजलेला तांदूळ पुन्हा कोरडा होतो का?

साहेबांना सांगितलं. म्हणाले, "जोशीबाई, कॉम्प्युटरला जावई नसतो. हे आपण आधी सांगायचं." ऑर्डर थांबवली. भिजलेल्या तांदळाचं पीठ आपणच घ्यायचं ठरलं, दिवाळीपर्यंत टिकेल. म्हणजे निस्तरलं. 

निघताना साहेब सहज बोलून गेले, सोमवारपासून हेच एआय आपल्या औषधांच्या गोदामालाही लावायचंय. कोथरूडच्या दुकानात ह्यांचं इन्शुलिन त्याच गोदामातून येतं.

अनारशांची चूक मला दिसली, कारण मला जावई आहे. तिथली कोणाला दिसणार? आणि दिसेपर्यंत तांदूळ भिजलेला असेल.

घरी आल्याआल्या फ्रिज उघडून ह्यांच्या इन्शुलिनच्या बाटल्या पाहिल्या. हे म्हणाले, "काय शोधतेस?"

तोंडातून निघालं, "अनारसे."

"फ्रिजमध्ये?"

मला हसू आलं नाही. माझ्या हातातली बाटली बघून ह्यांनाही नाही.