तुमच्या भावाच्या थडग्यावरचा दिवा

नाही वन्सं, मी मेलेले नाही. पेर्सिदाने तुम्हाला फोनवर जे सांगितलं ते तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं असेलही, पण शेजारणीचे डोळे तुम्हाला ठाऊक आहेत. मागे तिने पाद्रीबाबांच्या बकरीपुढे वाकून आशीर्वाद मागितला होता. तुम्ही लिंझहून पाठवलेलं फुलांचं चक्र काल पोचलं. फितीवर सोनेरी अक्षरांत ‘आमच्या स्तोयांकास अखेरचा निरोप’ असं लिहिलंय. इतकं सुरेख आहे की फेकवेना. स्वयंपाकघरात मिरच्यांच्या माळा वाळत घातल्यात, त्यांच्या शेजारी टांगून ठेवलंय. तुमचं माझ्यावर इतकं प्रेम आहे हे जिवंतपणी कळलं, हे बरंच झालं.

आता रीतीने सुरुवात करते. वडील वन्संना धाकट्या भावजयीचा वाकून नमस्कार. तुमचं ब्लडप्रेशर कसं आहे? भाऊजींचा गुडघा वाकतो का, की अजून जिन्यावरून उलटेच उतरतात? पोराबाळांना गोड पापा. इकडे मी बरी आहे, म्हणजे जशी असायची तशी. पाय सकाळी ऐकत नाहीत, कान संध्याकाळी ऐकत नाहीत, मधल्या वेळात मी मिरच्या भाजते. यंदा मिरची उदंड आलीय. भाजायची, सोलायची, वाटायची, बरण्या भरायच्या आणि खाणारं कोण तर मी एकटी. (हे वाक्य मी मुद्दाम लिहिलंय. पुढे उपयोगी पडेल.)

गेल्या खेपेला निघताना तुम्ही फाटकाशी जे बोललात ते मी विसरलेले नाही. ‘स्तोयांका, माझा भाऊ हातात मेणबत्ती नसताना गेला. तिकडे अंधारात चाचपडतोय तो. पितरांच्या शनिवारी मी येईन तेव्हा थडग्यावर उजेड दिसला नाही, तर तुझ्या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकणार नाही.’ तुम्ही बोलता ते करता, हे मला सासूबाईंच्या वेळेपासून माहीत आहे. आणि वन्सं, थट्टा बाजूला ठेवून सांगते, तुम्ही उंबरा ओलांडला नाहीत तर या घरात नातं म्हणून ओलांडणारं दुसरं कुणी नाही. म्हणून हा सगळा खटाटोप.

मेणबत्ती नव्हती यात माझा दोष नाही, हेही एकदा लिहून टाकते. तुमचा भाऊ नांगरताना ट्रॅक्टरवर बसल्याबसल्या गेला. मेणबत्ती कोण देणार हातात? ट्रॅक्टर चालूच होता, तो थेट शेताशेजारच्या मिखाइलोच्या अंगणात शिरून कोंबड्यांच्या खुराड्याला टेकून थांबला. मिखाइलोला वाटलं रादिसाव भांडायला आलाय, म्हणून तो आधी बराच वेळ त्याच्याशी भांडला. मेल्यावरही तुमच्या भावाने वादात माघार घेतली नाही.

तर मेणबत्त्या. लावत होते मी, रोज. पण आपल्या टेकडीवरचा कोशावा वारा तुम्ही परदेशात राहून विसरलात. तो मेणबत्ती विझवत नाही, घेऊन जातो. काचेचा कंदील ठेवला, तो कंदीलच मिखाइलोच्या बायकोच्या थडग्यावर जाऊन बसला. लोक म्हणायला लागले, बघा, मेल्यावरही रादिसाव परक्या बाईला उजेड दाखवतोय. मग मी ठरवलं की सेलवरचा दिवा करायचा.

असला दिवा विकत मिळतो, तो मी आणला होता. दोन दिवस जळला, मग डोळे मिचकावू लागला, मग गेला. म्हणून मी ब्लागोयेकडे गेले. ब्लागोये म्हणजे घड्याळं दुरुस्त करायचा तो. त्याची बायको स्लावका तुमच्या भावाच्या मागच्याच रांगेत पुरलेली आहे, बिचारी. जुन्या दूध-डेअरीच्या खोलीत तो आणि गावातले आणखी काही म्हातारे संध्याकाळी जमतात. कुणी रेडिओ करतं, कुणी चिमणी जवळ आली की शिट्टी मारणारी पेटी करतं. कशासाठी विचाराल तर त्यांनाही सांगता येत नाही. मी दार उघडलं तेव्हा सगळे टेबलाभोवती जिभा बाहेर काढून बसले होते. मला वाटलं झटका आलाय सगळ्यांना एकदम. तसं नव्हतं. चौकोनी सेलची दोन्ही टोकं जिभेला लावून त्यात जीव आहे का ते बघत होते. झिणझिण्या आल्या तर सेल ताजा, आंबटसर लागलं तर थकलेला, काहीच लागलं नाही तर मेला. मीही चाखला. (वन्सं, तुमच्या हातच्या लोणच्यापेक्षा बरा होता. रागावू नका.)

ब्लागोये शिकवायला बसला. दिवा मक्याच्या दाण्याएवढा, त्याला दोन पाय, एक लांब आणि एक आखूड. लांब पाय सेलच्या अधिकाकडे, आखूड उण्याकडे. मी उलटा लावला, लागला नाही. सुलटा लावला, एकदा झगझगला आणि गेला. ब्लागोये म्हणाला, ‘स्तोयांकाबाई, मध्ये रंगीत पट्ट्यांचा तो बारका दाणा जोडायचा असतो. तो सेलचा सगळा जोर एकदम अंगावर येऊ देत नाही.’ मी म्हटलं, आमच्या लग्नात कुणी जोडला असता तर बरं झालं असतं. सगळे हसले, तोही हसला. घड्याळवाल्याचे दात अजून स्वतःचे आहेत, हे मला तेव्हा कळलं.

मग डाख द्यायला शिकले. बोटं पोळली, टेबलावरचं मेणकापड पोळलं, मांजराच्या मिशीचा एक भाग पोळला. अंधार पडला की आपोआप लागेल आणि उजाडलं की विझेल असा एक डोळाही त्याने बसवून दिला. लोणच्याच्या बरणीत सगळं घातलं, झाकण मेणाने बंद केलं. पाद्रीबाबा कुरकुरले की दिवा मेणाचाच हवा. मी म्हटलं, झाकणाला मेण आहे ना. आणि बाबा, अंधारात अडकलेला माणूस उजेड कुठून आला विचारत बसत नाही. त्यांनी दिव्याला आशीर्वाद दिला. (बरणीभर मिरची दिली होती, त्यामुळेही दिला असेल.)

आता गारठा. गारठ्यात सेल म्हाताऱ्यासारखा होतो, असतो पण काम करत नाही. ब्लागोयेने सांगितलं, बदलायचे सेल अंगाशी उबेला ठेवा. मी दोन चौकोनी सेल झग्याच्या खिशात ठेवले आणि तुमच्या भावाच्या नावाच्या प्रार्थनेला चर्चमध्ये गेले. खिशात घराच्या किल्ल्याही होत्या. किल्ली दोन्ही टोकांना टेकली की सेल आतल्या आत तापतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. पाद्रीबाबा ‘देवाचा सेवक रादिसाव’ म्हणाले आणि माझी मांडी पेटली. आधी मी हुंदका दिला. मग दुसरा. मग मी गुडघ्यावर बसले, उठले, पुन्हा बसले, खिशात हात घालू तर किल्ल्याही निखारा झालेल्या. डोळ्यांतून धारा. सगळं चर्च माझ्याबरोबर रडलं. बाहेर पडताना पेर्सिदा म्हणाली, ‘बाई गं, इतकं प्रेम होतं तुझं त्याच्यावर?’ मी म्हटलं, पोळलं की कळतं. फोड अजून आहे.

हे सगळं झालं, तरी दिवा काही टिकेना. एक संध्याकाळ जळायचा, दुसऱ्या संध्याकाळी अंधार. मी ब्लागोयेला बोलवायचे, तो चढ चढून धापा टाकत यायचा, बरणी उघडायचा, सेल चाखायचा, मान हलवायचा, पुन्हा सगळं जागेवर लावायचा. मग इतका चढ चढून आलाय म्हणून मी त्याला घरी सूप द्यायचे. मी म्हटलं, हे रादिसावचंच काम आहे. तुम्हाला आठवतं ना वन्सं, दोन खोल्यांत एकाच वेळी दिवा दिसला की घर डोक्यावर घ्यायचा. मी कांदा चिरत असले तरी मागून येऊन बटण बंद करायचा. तोच आतून फुंकर मारत असणार. गावाला हे पटलं. ब्लागोये मात्र म्हणाला, ‘मेलेला माणूस सेल काढू शकत नाही.’ मी म्हटलं, तुम्ही त्याला ओळखत नव्हता.

आणि मग माझं मरण. दगडावर तुमच्या भावाच्या शेजारी माझाही फोटो आणि नाव आधीच कोरून ठेवलंय, हे तुमच्याच आग्रहाने झालं. जन्माचं साल, पुढे एक आडवी रेघ आणि पुढे कोरी जागा. रेघ बघितली की वाटतं, दगडवाला हातोडी घेऊन मागे उभाच आहे. त्या आठवड्यात दिवा लागला तो चांगला लागला, पण उजेड रादिसाववर नाही, माझ्या तोंडावर. तो अंधारात, मी लखलखीत, हसतेय. पेर्सिदा गाय घेऊन संध्याकाळी तिथून आली. नुकत्याच गेलेल्या माणसाच्याच तोंडाशी दिवा ठेवतात, एवढं तिला माहीत. तिने गाय तिथेच सोडली, आधी तुम्हाला फोन केला, मग घरी जाऊन मेलेल्याच्या नावाने करतात ते गहू उकडले, साखर-अक्रोड घातले आणि सकाळी ताट घेऊन माझ्या दारात आली, रिकाम्या घरापुढे हळहळायला. मी अंगणात मिरच्या भाजत होते.

‘तू तर गेलीस ना?’

‘जाणार आहे, आधी एवढी मिरची होऊ दे.’

बिचारी इतकी हिरमुसली. मी ताट ठेवून घेतलं. स्वतःच्या नावाचे गहू खाणारी गावात मी पहिलीच. साखर कमी होती.

मी जाऊन बरणी पुन्हा तुमच्या भावाकडे वळवली. दुसऱ्या दिवशी परत माझ्याकडे. वारा म्हणावा तर बरणीवर वीट ठेवलेली. मग एका संध्याकाळी दिवे लागायच्या वेळी मी स्लावकाच्या दगडामागे बसून राहिले. कोण आलं असेल? ब्लागोये. टोपी काढली, वीट उचलली, बरणी माझ्याकडे फिरवली आणि उभा राहिला. मी मागून म्हटलं, काय हो, मेल्या माणसाचा उजेड चोरता? तो दचकला नाही. म्हणाला, ‘तुम्ही ज्या दगडामागे बसलात ना, त्याच्यावर माझा फोटो आहे. तिथे मला किती वेळ पडायचंय ते ठरलेलंच आहे. तोवर थोडं इकडे बघतो.’ खरंच की वन्सं, स्लावकाच्या शेजारी त्याचाही फोटो, साल आणि रेघ. आम्हा दोघांचं मेल्यावर कुठे झोपायचं ते पक्कं झालंय, त्यात काही बदल नको. मी तुमच्या भावाशेजारीच येणार, तो कितीही कुरकुरला तरी. प्रश्न फक्त रेघेचा होता.

परतताना उतारावर आम्ही दोघंही थांबत थांबत उतरलो. तो म्हणाला, थकलेला सेल फेकायचा नाही, काही दिवस नुसता ठेवायचा, मग तो पुन्हा थोडा उजेड देतो. मी म्हटलं, किती? म्हणाला, थोडा. मी इतकी दमले होते की मला तेवढा पुरेसा वाटला.

तर दिवा आता नीट जळतोय, तुमच्या भावाच्याच तोंडावर. पितरांच्या शनिवारी तुम्ही टेकडीखालूनच बघाल. भाऊजींना नमस्कार, गुडघ्याला कोबीचं पान बांधा.

तुमची (अजून) जिवंत भावजय,
स्तोयांका

ता. क. येताना तिकडचे चांगले चौकोनी सेल आणा. इथले दुकानात असतानाच म्हातारे झालेले असतात.

आणखी ता. क. आणि पुरुषाचा एक जाड शर्ट आणा, खांदे रुंद असलेला. रादिसावचे त्याला होत नाहीत.

शेवटचं ता. क. त्याला म्हणजे ब्लागोयेला. तो इथेच असतो, सूप संपल्यावरही. हे ऐकून तुम्ही फाटकाबाहेर थांबणार असाल तर खुर्ची बाहेर आणून देईन, पण थंडी आहे वन्सं, आत या. आणि आत येणारच असाल तर एवढंही ऐकून या. रादिसावने त्या दिव्याला कधी हात लावला नाही. वाराही नव्हता, गारठाही नव्हता. सेल मी काढायचे.